पाचाचा केक

३ मार्च, सोमवार

तेवीस तारखेला ह्यांना पाच वर्षं होतील. पाच! लिहून बघितलं तरी खरं वाटत नाही. पाच वर्षांत दारूचा एक थेंब नाही.

दारू सोडलेल्यांच्या ह्यांच्या गटाची रीत अशी, की वर्ष पुरं झालं की घरी केलेला केक न्यायचा – जितकी वर्षं, त्या आकड्याचा. विकतचा नको. ज्याची वर्षं भरली त्याने तो कापायचा, आणि त्याआधी घरच्या कुणीतरी उठून दोन शब्द बोलायचे. बाकीच्यांच्या बायका, आया, बहिणी इतके देखणे आकडे करून आणतात! क्रीमचे ठिपके, फळं, फुलं. मी चार वर्षांत एकदाही केला नाही. पहिल्या वर्षी बिस्किटांचे पुडे नेले. दुसऱ्या वर्षी दुकानातला गोल केक, वर क्रीमने दोन काढलेला. गट चालवणारे मास्तर – शाळेतून निवृत्त झालेले, स्वतः एकोणीस वर्षं दारूपासून लांब – नुसते हसले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी कामाचं निमित्त पुढे केलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटायची. आपल्या हाताने आकडा करायचा म्हणजे त्याखाली सही केल्यासारखं. आणि दुसऱ्या दिवशी घरात बाटली निघाली तर? सतरा वर्षं मी ह्या माणसाच्या शपथा ऐकल्यात. दुधाने तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून प्यावं लागतं.

ह्या वर्षी मात्र करणार. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात शाळेचे गणवेश कापते आहे मी. एक पाच कापायला काय जातंय?

५ मार्च, बुधवार

बबडीला सांगितलं. वीस वर्षांची घोडी झाली तरी आमची बबडीच. चष्म्याच्या दुकानात काउंटरला असते. हल्ली उशिरा येते, आली की खोलीत जाऊन दार लावते. जानेवारीत तिचं ज्याच्याशी जमलं होतं त्या मुलाशी फिसकटलं, तेव्हापासून घरात तिचा आवाजच नाही. मी विचारलं की "काही नाही गं." पण केकचं ऐकून बाहेर आली, मोबाइलवर तीन-चार व्हिडिओ दाखवले. मोठ्या ट्रेमध्ये केकचा पातळ थर भाजायचा, कागदी आकडा वर ठेवून सुरीने कापायचा. असे दोन थर. मध्ये क्रीम, वर क्रीम, मग सजावट.

म्हटलं, हे तर माझंच काम. कागदाच्या फर्म्यावरून कापायचं. फक्त कापडाऐवजी केक.

"आई, केकला इस्त्री करू नकोस म्हणजे झालं," म्हणाली. किती दिवसांनी चेष्टा केली पोरीने.

९ मार्च, रविवार

आज सरावाचा केक. इतकी फजिती झाली, पण आजचा दिवस मला लक्षात ठेवायचाय.

फर्मा काल रात्रीच काढला होता. पाचाचा आकडा दिसतो तितका सोपा नाही. वरचं वळण, मधली गाठ, खाली शेपूट – शेपूट बारीक ठेवलं तर केक तुटतो. तीन कागद फाडले तेव्हा मनासारखा उतरला. सकाळी दोन थर भाजून गार केले, फ्रीजमध्ये ठेवून घट्ट केले. मग एकावर एक ठेवले, फर्मा लावला आणि धारदार सुरीने एका दमात दोन्ही कापले. कडा अशा साफ आल्या की माझी मीच खूश.

खालचा थर पाटावर ठेवला. क्रीम लावलं. वरचा उचलून सुलटा करून ठेवायला गेले – तर तो पाच उलटा! आरशात बघावा तसा.

दोन मिनिटं मला कळेचना. मग कळलं. कारखान्यात कापड कापताना सुलट बाजू समोरासमोर ठेवायची, म्हणजे एका घावात डावी बाही आणि उजवी बाही, जोडी निघते. मी केकचे थर तसेच ठेवले होते, वरच्या बाजू समोरासमोर. आणि जोडी काढली. डावा पाच आणि उजवा पाच! वर आकड्याभोवती अर्धा इंच जास्तीचा सोडलेला. शिलाईसाठी!

बबडी ओट्याला धरून हसत होती. "आई, आता हे शिवणार आहेस का?" हसण्याने हे बाहेर आले. हातात कुठल्या तरी शिलाई मशीनचा भाग, बोटं तेलाने काळी. मशीन दुरुस्त करायलाच आमच्या कारखान्यात यायचे, तशीच ओळख झाली आमची. सगळं ऐकून घेतलं, केकभोवती एक चक्कर मारली.

"मग उलटाच ठेव ना," म्हणाले. "वरची बाजू खाली. क्रीमखाली कोण बघायला जातंय? झाकलं की झालं."

ठेवला. बरोबर बसला.

मी म्हटलं, अहो, अठ्ठावीस वर्षं काम करून अशी चूक? म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं केलंस म्हणूनच. हात सवयीने चालतो, डोक्याला विचारत नाही. माझ्याएवढं ते कुणाला माहीत?"

ते सहज म्हणाले. स्वतःच्या पिण्यावर असं सहज बोलतात हल्ली. तिघांनी मिळून उलट-सुलट पाच खाल्ला. ह्यांनी शेपूट घेतलं. मला वाटलं, बस, हेच हवं होतं.

१० मार्च, सोमवार

कारखान्यात उलट्या पाचाची गोष्ट सांगितली. सगळ्या बायका हसून हसून बेजार. एकीने विचारलं, कसले पाच? मी पहिल्यांदा चारचौघींत सांगितलं – ह्यांनी दारू सोडल्याला पाच वर्षं झाली. मान खाली न घालता सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

लिहावं की नाही. लिहिते.

केक न्यायला मोठा पाट हवा म्हणून माळ्यावर चढले. पाटाच्या मागे माझी चिंध्यांची पिशवी. ओढली तर जड लागली. आत हात घातला. जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली चपटी. अर्धी.

शिडीवरच बसले. अभ्रा उघडायच्या आधीच मला माहीत होतं. हाताला तो आकार पाठ आहे – सतरा वर्षांत कुठून कुठून काढल्यात मी! टाकीमागून, बुटातून, तांदळाच्या डब्यातून, एकदा माझ्याच मशीनच्या खणातून. ही जागा नवीन. माल पण नवीन – पूर्वीचा तो लाल, दुरून भपकारा मारणारा नाही. पाण्यासारखा पांढरा. वास कमी येतो म्हणे ह्याला. हुशार झालेत.

होती तशी गुंडाळून ठेवली. पाट न घेता खाली उतरले.

संध्याकाळी हे आले. हात धुतले, विचारलं, "पाट मिळाला का?" मी म्हटलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

ये रे माझ्या मागल्या.

कापडावर खूण करायचा खडू घेऊन वर गेले. बाटलीत जिथपर्यंत आहे तिथे लेबलवर बारीक रेघ मारली. त्याला दिसणार नाही, मला दिसेल.

‘त्याला’ लिहिलं आत्ता. चोवीस वर्षांत ह्यांना मी ‘तो’ म्हटलं नव्हतं, पिऊन पडायचे तेव्हासुद्धा नाही. खोडणार नाही. राहू दे तसंच.

१५ मार्च, शनिवार

रेघेच्या खाली दोन बोटं.

सदऱ्याची कॉलर हुंगली. तेलाचा वास. उशी हुंगली. तो झोपला की तोंडाजवळ वाकून हुंगलं, जुन्या दिवसांसारखं. काही नाही. हात थरथरत नाहीत, डोळे लाल नाहीत, जेवतो नीट. म्हणजे थोडी थोडी घेतो, हिशेबात. मला वाटायचं बेताल पिणारा माणूस वाईट. बेताने पिऊन समोर बसून "भाजी छान झालीय" म्हणणारा त्याहून वाईट.

त्या दिवशीचं वाक्य डोक्यातून जात नाही – झाकलं की झालं, क्रीमखाली कोण बघायला जातंय.

१६ मार्च, रविवार

तो गटात जाऊन आला. खुशीत. मास्तरांनी साठ खुर्च्या सांगितल्यात म्हणे, जुने लोकही येणार. मला विचारलं, "तू काय बोलणार आहेस?" मी म्हटलं, बघू. म्हणाला, "चार वर्षं तू बोलली नाहीस. मी वाट बघतोय असं समज."

न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

बबडीला काही सांगायचं नाही. पोरीने लहानपणी पुरेसं बघितलंय. आठ वर्षांची असताना जिन्यातून बापाचे बूट काढून आणायची, शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून. तिचं मन आधीच ठिकाणावर नाही. आज दुपारपर्यंत झोपून होती, डोकं दुखतंय म्हणाली.

१८ मार्च, मंगळवार

ताईचा फोन. माझी थोरली बहीण, ह्या माणसाला सोड म्हणून दहा वर्षं माझ्यामागे लागलेली. रविवारी येते म्हणाली, "पाच वर्षं म्हणजे कमाल केली हो त्याने, मी शब्द मागे घेते." मी म्हटलं, ये.

१९ मार्च, बुधवार

आज विचारलं.

बबडी तिच्या खोलीत होती, दार लावून. त्याचा चहा संपला आणि मी चपटी टेबलावर ठेवली.

बघतच राहिला. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी बाटली समोर आली की तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मित्राची आहे, जुनी आहे, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो.  आज एवढंच विचारलं, "कुठे होती?"

"माळ्यावर. चिंध्यांच्या पिशवीत. माहीत नसल्यासारखं विचारू नका."

झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. बबडीच्या दाराकडे बघितलं. पोरीच्या कानावर जाऊ नये एवढी लाज शिल्लक आहे म्हणायची.

"माझी आहे," म्हणाला.

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"तूच मोजले असशील."

उठला, मोरीत सगळी ओतली, पाणी सोडलं, बाटली धुतली. हात स्थिर. मग म्हणाला, "रविवारी गटात मीच उभा राहून सांगतो. बबडीला काही विचारू नकोस. तिला ह्यातलं काही माहीत नाही."

मी म्हटलं, केक? म्हणाला, "तुला वाटेल तसं."

एका मिनिटात कबूल केलं. सतरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. मला वाटायचं, कधी खरं बोलला तर निदान हलकं वाटेल. नाही वाटलं.

२० मार्च, गुरुवार

कारखान्यात आज पहिल्यांदा माप चुकलं. चाळीस शर्टांच्या पाठी दोन इंच तोकड्या.

२२ मार्च, शनिवार

केक केला.

का केला, विचारलं तर सांगता येणार नाही. ताई येणार, साठ खुर्च्या, कारखान्यात सांगून बसलेली. आणि दुसरं म्हणजे – केला नाही तर मी घाबरले होते ते बरोबर ठरेल. केला तर निदान त्याने तो मोडायचा आहे, मी नाही.

थर नीट भाजले. ह्या वेळी सुलट बाजू वर ठेवून एक-एक वेगळा कापला. शिलाईची जागा सोडली नाही. कडा उत्तम. इतका सुरेख पाच मी पुन्हा कापू शकणार नाही. हाताला काही कळत नाही बघ, घरात आग लागली असली तरी सरळ कापतो.

क्रीमचं काम बबडीचं. पिशवीत क्रीम भरलं, गोल तोंडाचं नोझल लावलं. ठिपके एकसारखे यायला हवेत, एकाला एक चिकटून. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी त्याहून. हात थरथरत होता पोरीचा. मी म्हटलं, जेवली नाहीस ना? दे इकडे. तिने दिलं नाही. पुसून पुन्हा सुरुवात केली. तीनदा पुसलं.

मग एकदम थांबली. "आई, हे उद्या नको नेऊया."

"का?"

"मला तुझ्याशी बोलायचंय."

म्हणजे तिने ऐकलं होतं तर, त्या बुधवारी दाराआडून. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बापाची बाजू घेऊन रडली असती, मग मी रडले असते, आणि क्रीम वितळलं असतं. म्हटलं, उद्याचं पार पडू दे बबडे, मग काय ते बोल. तुझ्या बापाने सांगितलंय, तुला ह्यात घ्यायचं नाही.

"बाबांनी काय सांगितलंय?"

"काही नाही. ठिपके मार."

मारले. शेवटच्या ओळी मी मारल्या. वर स्ट्रॉबेरी अर्ध्या कापून, छोटी गोल बिस्किटं, पांढरी फुलं – देठाला कागद गुंडाळून. पूर्ण झाल्यावर दोघी बघत उभ्या राहिलो. देखणा झालाय. दुकानात असता तर रस्त्यातून लोक थांबले असते.

तो दारातून बघून गेला. आत आला नाही.

२३ मार्च, रविवार

आधी सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

गटाची खोली दवाखान्याच्या वर आहे. जिना अरुंद. केकचा पाट दोघींनी धरून चढवला, मी पुढे, बबडी मागे. वर गेल्यावर सगळे उठून बघायला आले. मास्तर म्हणाले, "वहिनी, पाच वर्षांचं व्याज दिलंत की!" हसले सगळे. मीही हसले. ताई नवी साडी नेसून पुढच्या रांगेत.

मास्तरांनी नाव पुकारलं. हा उठला. टेबलाजवळ गेला नाही, जागेवरूनच बोलला. "माझ्या घरात बाटली निघाली. पाच म्हणायचा हक्क मला नाही. आजपासून मी पहिल्यापासून मोजतो." एवढंच. दाराजवळच्या खुर्च्या नव्या लोकांच्या असतात, ज्यांचा पहिला-दुसरा दिवस आहे त्यांच्या. तिकडे जाऊन बसला.

‘मी प्यालो’ म्हणाला नाही. घरात निघाली म्हणे! जशी काही ती पायांनी चालत आली. इथेही पळवाट शोधली, असं वाटून माझं डोकं फिरलं.

मास्तर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काही बोलायचंय? नसलं तरी चालेल."

नाही म्हणायला हवं होतं. मी उभी राहिले.

म्हटलं, "सतरा वर्षं मी ह्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पाच वर्षं ठेवला. चुकलं ते त्या पाच वर्षांत."

बसले. मान वळवून बघितलं. त्याने मान खाली घातली नव्हती. माझ्याकडेच बघत होता, पण राग नव्हता. मला राग हवा होता.

मागे काहीतरी पडलं. बबडीच्या हातातल्या प्लेट्स. तशीच ती खोलीबाहेर गेली. मी गेले तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून हुंदके देत होती, आणि तो माझ्याआधी तिथे पोचला होता. तिच्या डोक्यावर हात. माझ्या मनात आलं – हिला रडवायला तूच, आणि डोळे पुसायला पण तूच. बोलले नाही. आजच्यापुरतं खूप बोलून झालं होतं.

केक कुणी कापला नाही. तसाच खाली उतरवला. ह्या वेळी पाटाचं दुसरं टोक ताईने धरलं. वाटेत एवढंच म्हणाली, "कुत्र्याचं शेपूट." पुढचं तिने म्हटलं नाही, मलाही ऐकायचं नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

फ्रीजमध्ये अख्खा मावत नाही. सुरी घेऊन गेले, कापवला नाही. तसाच टेबलावर.

२६ मार्च, बुधवार

क्रीमला पाणी सुटलं. स्ट्रॉबेरीचा लाल रंग ठिपक्यांमधून ओघळून पाटापर्यंत आला. कारखान्यात नेला असता तर बायकांनी मिनिटात संपवला असता, पण मग सांगावं लागलं असतं. हातानेच मोडून टाकला. मोडतानाही कडा बघितल्या. साफ होत्या.

तो रोज संध्याकाळी गटात जातो. दाराजवळ बसतो म्हणे. परत आला की बबडीच्या खोलीत जातो, दार लोटून घेतो, अर्धा तास बोलतात. माझ्याशी मात्र कामापुरतं. जेवण वाढलं, पाणी दे, विजेचा माणूस आला होता. कुरकुर नाही, सफाई नाही. पकडला गेलेला माणूस इतका शांत मी बघितला नव्हता. पूर्वी तिसऱ्या दिवशी तरी ताट भिरकवायचा.

आज जेवताना मीच म्हटलं, रविवारी मी जास्त बोलले. म्हणाला, "तुला वाटलं ते बोललीस."

वाटलं ते! ते वाक्य मला परत घेता येत नाही आणि घ्यावंसंही वाटत नाही. पण साठ माणसांसमोरचा त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. त्याने फसवलं मला, आणि अपराधी मी का वाटून घेते आहे?

२८ मार्च, शुक्रवार

बबडी दुकानात गेली नाही. ह्यांनी पण सुट्टी घेतली.

परत ‘ह्यांनी’ लिहिलं. हात सवयीने चालतो.

३० मार्च, रविवार

बाटली बबडीची होती. जानेवारीपासून. आज सकाळी तिने स्वतः सांगितलं, ह्यांनी तिचा हात धरला होता. आज संध्याकाळी ती ह्यांच्याबरोबर गटात जाणार आहे. एवढ्यासाठी हे रोज तिच्या खोलीत बसत होते.

मी ह्यांना म्हटलं, मला का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर मला ते बोलू दिलंत.

म्हणाले, "माझ्यावर अविश्वास ठेवायची तुला सवय आहे. तिच्यावर ठेवायची सवय लागायला नको होती."

मी बबडीला जवळ घेतलं. आणि घेताना, मला कळायच्या आत, तिच्या तोंडाचा वास घेतला.

तिला कळलं.